थर्माकोलच्या पेटीतली बाटली

सहा वर्षं मी दुसऱ्यांच्या ओटभरणीला भाकऱ्या भाजल्या. नवऱ्याच्या नात्यात कुणालाही सातवा लागला की आम्ही सगळे जायचो. बायका पाटाभोवती गोळा व्हायच्या, तांदूळ-नारळ घेऊन एकेक जण पुढे जायची, आणि माझी पाळी यायच्या जरा आधी सासूबाई हळूच कानाशी यायच्या. "तू आत बघ गो, भाकऱ्या कमी पडतील." भाकऱ्या कधीच कमी पडत नव्हत्या. जिला मूल नाही तिनं पोटुशीची ओटी भरायची नाही, एवढंच होतं ते. तोंडावर कुणी बोलायचं नाही, सगळं कसं गोडीगुलाबीनं. तव्यासमोर घाम पुसत मी बाहेरची गाणी ऐकायचे आणि डोकं असं सणकायचं की वाटायचं, ही पिठाची परात नेऊन त्या पाटावर आपटावी. कधी आपटली नाही.

आम्ही राहतो रोडपालीत. नवऱ्याचा मासळीचा धंदा आहे. उरणकडच्या बंदरावरून माल उचलायचा, थर्माकोलच्या पेट्यांत बर्फ घालून भरायचा आणि टेम्पोनं पनवेल-कळंबोलीच्या हॉटेलांना पोचवायचा. सासूबाई पनवेलच्या मासळी बाजारात बसतात, लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्याच जागेवर. मी जासईला कंटेनर यार्डाच्या ऑफिसात गेटपास बनवते. दिवसभर ट्रक ड्रायव्हरांशी हुज्जत घालणारी बाई मी, यार्डात माझ्या आवाजाला लोक टरकतात. आणि घरात? घरात मी तोंडात मूग गिळून बसले. त्यामुळे राग येतो तो आधी मला माझाच येतो, बाकीच्यांचा नंबर नंतर.

लग्नाला वर्ष झालं आणि तपासण्या सुरू झाल्या. कुणाच्या? माझ्या. आणखी कुणाच्या असणार! रक्त काढलं. सोनोग्राफ्या केल्या. नळ्या उघड्या आहेत का ते बघायला पिशवीत औषध सोडून फोटो काढले, तेव्हा मी टेबलावर ओरडले, तर नर्स म्हणते, "बाळ हवंय ना मॅडम? मग एवढं सहन करायला नको?" पुढे पोटाला भोकं पाडून दुर्बीण घातली. सगळं नॉर्मल. सगळं नॉर्मल म्हटल्यावर कुणाच्याही डोक्यात यायला हवं की जरा दुसऱ्या माणसाकडे बघू या. छे! नॉर्मल आलं की पुढची तपासणी परत माझीच. कुठल्या तरी वैद्याची पूड, सोमवार, मंगळवार, नवस, सगळं माझ्याच पोटावर. नवरा बाहेर बाकड्यावर बसून मोबाईलवर हॉटेलवाल्यांच्या ऑर्डरी घेत असायचा. त्याला कुणी आत बोलावलं नाही, आणि तोही आपणहून आत आला नाही.

चौथ्या वर्षी पनवेलातच एक नवीन डॉक्टरीणबाई मिळाल्या. त्यांनी माझी फुगलेली फाईल चाळली, शेवटच्या कागदापर्यंत गेल्या, परत पहिल्या कागदावर आल्या आणि म्हणाल्या, "यांचा रिपोर्ट कुठेय?"

यांचा म्हणजे नवऱ्याचा. मी त्याच्याकडे बघितलं. तो वर पंख्याकडे बघत होता. इतक्या वर्षांत एकाही डॉक्टरानं, एकाही नर्सनं, घरातल्या एकाही शहाण्यानं त्याला एक साधी तपासणी करायला सांगितली नव्हती. ज्यात सुई नाही, भोक नाही, बाटलीत नमुना द्यायचा आणि घरी जायचं, झालं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तो रिपोर्ट त्यानं आणला आणि मला न दाखवता टेम्पोच्या सीटखाली सारून ठेवला. मी गाडीची कागदपत्रं शोधताना माझ्या हाती लागला. शुक्रजंतू अगदी मोजके, आणि त्यातले हलणारे त्याहून मोजके. मी त्याला तसाच हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेला. त्यांनी सरळ सांगितलं की आपोआप दिवस राहणं कठीण आहे. माझ्या पोटातली बीजं बाहेर काढायची, याचा एकेक जंतू बारीक सुईनं एकेका बीजात सोडायचा आणि गर्भ तयार झाला की तो माझ्या पिशवीत ठेवायचा. "आणि हे बघा, यात दोष कुणाचाच नसतो," असंही त्या म्हणाल्या. चांगल्या मनानं म्हणाल्या असतील. पण मला वाटलं, वा! फाईल माझी होती तोवर दोष होता. याचा रिपोर्ट आला त्या दिवसापासून दोष कुणाचाच नसायला लागला.

खाली येऊन टेम्पोत बसलो. चावी न फिरवता तो म्हणाला, "आईला नको सांगू. बाजारात बोंब होईल. मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही." आणि रडायला लागला. मी "बरं" म्हटलं. ही माझी चूक, मी कबूल करते. रडणाऱ्या माणसाला मी नाही म्हणू शकले नाही, आणि त्या एका "बरं"वर त्यानं दोन वर्षं काढली. आधी गोळ्या घेऊन बघू, मग हा सीझन जाऊ दे, मग तो सीझन जाऊ दे. त्या दोन वर्षांत मी ज्या भाकऱ्या भाजल्या त्या माहीत असून भाजल्या. त्यानं स्वतः मला कधी एका शब्दानं दोष दिला नाही, खोटं कशाला बोलू? पण दुसरे देत होते तेव्हा ब्र काढला नाही. बायका माझ्यासाठी देवीला साकडं घालत होत्या आणि हा शेजारी उभा राहून प्रसाद खात होता. मला मूल हवं होतं, खूप हवं होतं. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त मला एक गोष्ट हवी होती. या माणसानं एकदा, चार लोकांत, स्वतःच्या तोंडानं सांगावं.

शेवटी सहाव्या वर्षी दिवस ठरला. त्याआधी रोज पोटात इंजेक्शनं. यार्डाच्या बाथरूममध्ये दाराला पाठ लावून मी स्वतःची स्वतः टोचून घ्यायचे. बीजं काढायच्या दिवशी नवऱ्याला फक्त नमुना द्यायचा होता. आता क्लिनिकमध्ये त्यासाठी एक खोली आहे, ती नेमकी रिसेप्शनला लागून. कडी धड लागत नाही, बाहेर नंबर पुकारतात. आदल्या महिन्यात परत तपासणीसाठी नमुना मागितला तेव्हा त्याला तिथं काही जमलं नव्हतं. म्हणून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरून आणलात तरी चालेल, रोडपाली काही लांब नाही. नमुना कसा आणायचा त्याचा कागद इंग्रजीत, आणि तो माझ्या फाईलमध्ये. सिस्टर मला म्हणाली, "मॅडम, सरांना सांगा, वेळेत आणा." सर माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेले! मी त्याला सांगितलं, "वेळेत आण, वाटेत खराब व्हायला नको." हे माझे शब्द. खराब व्हायला नको.

सकाळी मला आत घेतलं, भूल दिली. शुद्धीवर आले तेव्हा सिस्टर हसत म्हणाली, "नऊ मिळाली." नऊ बीजं. मला रडू आलं, आणि ते पुसेपर्यंत पडद्याच्या पलीकडून लॅबवाल्या मुलीचा आवाज आला. "मॅडम, हे बर्फात आणलंय."

"कशात?" डॉक्टरीणबाईंचा आवाज.

"बर्फात. पेटी आहे बाहेर. एकही हलत नाहीये."

नमुना अंगाच्या उबेत आणायचा असतो, शर्टाच्या आत, पोटाशी धरून. थंडीनं जंतू गारठतात. याचे आधीच मोजके. आणि यानं काय केलं? जन्मभर जे केलं तेच. वाटेत खराब व्हायला नको म्हटल्यावर कोळ्याच्या पोरानं माल बर्फात घातला. मी सलाइनची बाटली हातात धरून बाहेर आले तर हा बाकड्यावर पेटी मांडीवर घेऊन बसलेला. बर्फ चांगला बारीक फोडला होता, बाटली हलू नये म्हणून. बाटली लॅबमध्ये गेलेली, पण तिला गुंडाळलेलं वर्तमानपत्र, प्लॅस्टिकची पिशवी आणि रबर बर्फावर तसंच. पिशवीवर माझ्या नावाची चिठ्ठीसुद्धा चिकटवलेली, पूर्ण नाव घालून. इतक्या वर्षांत या माणसानं या कामात पहिल्यांदा काहीतरी जीव लावून केलं होतं, आणि तेच नेमकं उलटं. त्याला मारावं की जवळ घ्यावं, कळेना. मारावंसंच जास्त वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की बीजं दुपारपर्यंतच थांबतील. दुसरा नमुना इथेच द्या, नाहीतर आम्ही सुईनं आतून, वृषणातून काढतो, जागा बधिर करून, थोड्या वेळाचं काम. तो कडी न लागणाऱ्या खोलीत गेला, बराच वेळ आत राहिला आणि मान हलवत बाहेर आला. मग सुई. सुईचं नाव काढताच तो पेटी घेऊन जिन्यात जाऊन बसला. "तिथं सुई? नाय जमणार. पुढच्या महिन्यात करू सगळं परत."

पुढच्या महिन्यात! जसं काही माझं पोट म्हणजे याचा टेम्पो, आज नाही तर उद्या भरू. घरात मी त्याला तू म्हणते, लोकांत अहो. त्या दिवशी जिन्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांदेखत मी ओरडले, "माझ्या अंगात आज सकाळी केवढी सुई घातली माहितेय तुला? नऊ वेळा टोचली! तेव्हा तू बर्फ फोडत होतास. ऊठ!" तो उठला नाही. लोकांना कळेल, आईला कळेल, हेच घोकत बसला. मग म्हटलं, आईला कळायची भीती आहे ना? थांब. मी फोन काढला आणि सासूबाईंना म्हटलं, "आई, जागा कुणाला तरी सांभाळायला सांगा आणि आत्ताच्या आत्ता दवाखान्यात या."

त्या रिक्षानं आल्या, कमरेला खोचलेला पदर तसाच, हाताला खवले. त्यांना वाटलं माझं काही बरंवाईट झालं. "काय झाला गो? तू उबी कशाला?" त्यांच्या मागोमाग नवराही पेटी घेऊन जिन्यातून आत आला. मी तिथेच, बसलेल्या सगळ्या जोडप्यांसमोर, सगळं सांगितलं. रिपोर्ट, सीटखालचा कागद, दोन वर्षं, बर्फ, सुई. आवाज खाली करायचं मला सुचलंसुद्धा नाही. सासूबाई लेकाकडे बघत राहिल्या. तो फरशी बघत होता. मग त्या वाकल्या, पेटीचं झाकण काढलं आणि बर्फात हात घातला.

"यात ठेवलास?"

"खराब होऊ नये म्हणून."

"अरं मेल्या, बर्फ मेलेल्या मालाला घालतात! चिंबोरी जिती न्यायची तर बर्फात घालतोस का? ओल्या गोणपाटात घालून नेतोस ना? जिता हाय का मेला, येवडा तरी इचारायचास कुनाला!"

समोरचा एक माणूस फस्सकन हसला आणि बायकोनं कोपर मारल्यावर गप्प झाला. मलाही हसू फुटलं, पोटात कळ आली म्हणून दाबलं. सासूबाईंना कशाचंच हसू नव्हतं. त्यांनी लेकाच्या हातातून पेटी काढून घेतली आणि म्हणाल्या, "आत जा." तो गेला. माझ्या ओरडण्यानं जे झालं नाही ते त्या दोन शब्दांनी झालं, त्याचाही मला राग आला.

मग त्या माझ्याशेजारी बसल्या, खवल्यांचे हात मांडीवर उताणे ठेवून. "मला का नाय सांगितलास गो?"

"तुम्ही विचारलंत कधी?" मी म्हटलं. "मला पूड दिलीत, उपास दिलेत, भाकऱ्या दिल्यात. तुमचा मुलगा तपासलाय का, हे एकदा तरी विचारलंत?"

त्यांनी तळहातावरचा एक खवला खरवडून काढला आणि म्हणाल्या, "आता मीच सांगेन सगल्यांना." मी विश्वास ठेवला.

सुईनं काम झालं. चार गर्भ तयार झाले. दोन ठेवले, ते राहिले नाहीत. त्या पंधरवड्याबद्दल मला लिहायचं नाही. उरलेले दोन क्लिनिकनं गोठवून ठेवले, आणि यावर सासूबाई जाम बिथरल्या. "आता बर्फात कसा चालतो? तवा चालत नव्हता!" डॉक्टरीणबाईंनी दोनदा समजावलं, ही गोठवायची रीत वेगळी, औषधं वेगळी. त्यांना काही पटलं नाही. तरी दर आठवड्याला बाजारातून आल्या की मला विचारायच्या, "आपला बर्फातला माल बरा हाय ना?" चार महिन्यांनी ते दोन्ही ठेवले आणि त्यातला एक राहिला. या वेळी राहिला.

आणि सासूबाईंनी कुणाला सांगितलं? कुणालाही नाही! पाचव्या महिन्यात मी बाजारात गेले तर त्या शेजारणीला सांगताहेत, "देवी पावली बाय. सुनेचा औषधपाणी केला, लय केला." सुनेचा. मी समोर उभी, पोट पुढे. त्यांनी मला बघितलं आणि घाईघाईनं कोलंबी निवडायला घेतली. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणतो, "जाऊ दे ना, आता झालं ना सगळं चांगलं." काय झालं चांगलं? याचं पितृत्व बिनबोभाट पार पडलं, ते? मी म्हटलं, बरं. ओटीपर्यंत वाट बघते.

सातव्यात ओटी, आमच्याच बिल्डिंगच्या गच्चीवर, ताडपत्री बांधून. नवरा आणि त्याचा चुलतभाऊ खुर्च्या लावत होते. या चुलतभावाच्या लग्नाला तीन वर्षं झाली, त्याची बायको म्हणजे माझी धाकटी जाऊ; मागच्याच महिन्यात ती तपासण्यांची फाईल मला दाखवून गेली होती. मी हिरवी साडी नेसून पाटावर बसले. बायका गात होत्या. नवऱ्याची आत्या पहिली पुढे आली, नारळ माझ्या पदरात घालता घालता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अखेर उजवली गो हिची कूस! सहा वर्सं बंद होती."

मी नारळासकट तिचा हात धरला. "आत्या, माझी कूस एक दिवससुद्धा बंद नव्हती."

गाणं थांबलं. सासूबाई ताटातले तांदूळ नीट करायला लागल्या. नवरा तेवढ्यात थंड्याची पेटी घेऊन वर आला होता, तीच थर्माकोलची पेटी, घासून धुतलेली, आत बर्फ आणि बाटल्या. मी त्याच्याकडे बघत राहिले. आता जर हा वर बघायला लागला असता ना, तर मी त्याच पाटावरून उठून माहेरी गेले असते, मी ठरवूनच बसले होते. त्यानं पेटी खाली ठेवली. हात पँटला पुसले.

"ती बरोबर बोलते, आत्ये," तो म्हणाला. "तिच्यात काय नव्हता. माज्यात होता. सहा वर्सं माज्यातच होता."

आत्या म्हणाली, "अगो बाय." माझा राग गेला का? नाही. पण मी आत्याचा हात सोडला आणि नारळ पदरात घेतला.

सासूबाईंना सावरायची घाई. "चला, चला, गानी म्हना गो, पुढची कोन?" मी बायकांवरून नजर फिरवली. धाकटी जाऊ कुठे दिसेना.

"ती कुठेय?" मी विचारलं.

"आत हाय," सासूबाई म्हणाल्या. "भाकऱ्या कमी पडतील म्हनून..."

वाक्य त्यांच्याच तोंडात राहिलं. माझ्या ओटीला! माझ्याच ओटीला, सगळं कळलेल्या या बाईनं, तेच शब्द वापरून त्या पोरीला तव्यासमोर बसवलं होतं. मी पाटावरून उठले. कुणी म्हणालं, अगो मधेच उठू नये. मी पोट सावरत एक जिना उतरले, घरात गेले. ती ओट्यापाशी घाम पुसत उभी होती. मी गॅस बंद केला आणि तिला मनगटाला धरून वर आणलं. ती घाबरली होती, "ताई, राहू द्या ना, मोठ्या काकी रागावतील," म्हणत होती. मी पाटावर बसले, पदर पसरला आणि तिला म्हटलं, "भर." तिनं पिठाच्या हातांनी माझी ओटी भरली. निम्मे तांदूळ जमिनीवर सांडले.

तिचा नवरा खुर्च्यांपाशी उभा होता. मी पाटावरूनच, यार्डातल्या आवाजात, त्याला विचारलं, "भाऊजी, हिची फाईल मी बघितलीय, चांगली जाड झालीय. तुमचा रिपोर्ट कुठेय?"

तो वर ताडपत्रीकडे बघायला लागला.